रंग दिल्यावर चौथ्या दिवशी छतावरचा डाग पुन्हा उगवतो, तेव्हा

जानेवारी महिना. जळगावात दोन-अडीच महिन्यांत पावसाचा थेंब नाही. पेंटर बुधवारी पैसे घेऊन गेला आणि रविवारी सकाळी पलंगावर पडल्या पडल्या वर पाहिलं, तर पंख्याच्या उजवीकडे तोच डाग. मधे फिकट, कडेला गडद, बशीत चहा सांडून वाळल्यावर उमटतो तसा. आकारही तोच, आधी दोनदा रंगाखाली गाडलेला.

मी थेट मिस्तरीला फोन लावला. स्लॅब पुन्हा गळतोय, कोबा (गच्चीच्या स्लॅबवरचा सिमेंटचा थर) फोडावा लागणार, असं धरूनच चाललो होतो. आईचं माहेर साक्रीकडचं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात वाढलेली, दर वैशाखात धाब्यावर नवी खारी माती पडताना पाहिलेली. ती खालूनच म्हणाली, "पह्यले देख, पानी कथाईन येस!" मी देखलं. पाणी कुठूनच येत नव्हतं. गळती खरोखर बंद झाली होती. वर आला होता तो नुसता जुना डाग.

हा घोटाळा मी एकट्याने केलेला नाही. ओळखीच्या निम्म्या घरांत लोक एकतर जिवंत गळतीवर रंग देत बसतात, नाहीतर मेलेल्या डागासाठी गच्ची फोडतात. दोन्ही डाग दिसायला अगदी सारखे, उपाय मात्र पूर्ण वेगळे. म्हणून डबा उघडण्याआधी आपला डाग कुठल्या जातीचा ते ठरवायचं.

जिवंत की मेलेला

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पेन्सिल. डागाच्या बाहेरच्या कडेने बारीक रेघ ओढायची आणि शेजारी तारीख टाकायची. पेन घेऊ नका. पेनची शाई पुढे रंगातून वर येते, म्हणजे एका डागाचे दोन होतात. एक-दोन मोठे पाऊस जाऊ द्या. कोरड्या दिवसांत संशय असेल तर टाकी भरून वाहीपर्यंत किंवा वरची मोरी आठवडाभर वापरेपर्यंत थांबा. डाग रेघेच्या बाहेर गेला तर पाणी चालू आहे. रेघेच्या आतच राहिला, हाताला कोरडा लागला, तर तो मेलेला.

माझ्या जानेवारीतल्या डागाभोवती जुलैची रेघ होती, म्हणजे रंग देण्याआधीची. रंगाखाली ती पुसट दिसत होती. नवा डाग तिच्यावर तंतोतंत बसला होता, बोटभरही पुढे सरकलेला नव्हता. एवढ्यावर मिस्तरीला नको म्हणून कळवलं.

दुसरी खूण प्लास्टिकची. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक डागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि एक दिवस, एक रात्र तसंच सोडायचं. प्लास्टिकच्या आतून दव धरलं किंवा खालचा गिलावा काळपट दिसला तर ओल स्लॅबमधून येतेय. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे. न्हाणीघराच्या छताला हे फार होतं आणि त्यासाठी खिडकी उघडी ठेवणं पुरतं.

तिसरी खूण रंगासाठी: ओला पांढरा कपडा डागावर दाबून धरायचा. कपड्याला पिवळट छटा लागली तर डाग पाण्यात विरघळतो आणि पाण्याचा कुठलाही रंग त्याच्यावर टिकणार नाही. याचं कारण पुढे येतंच.

पाणी चालू असेल तर: माझ्या गच्चीची गोष्ट

ही गोष्ट त्या जानेवारीच्या आधीची, गळती चालू होती तेव्हाची. पहिली चूक अशी की डागाच्या बरोब्बर वर खड्डा शोधला. पाणी सरळ खाली येत नाही. कोब्याच्या एखाद्या भेगेतून शिरतं, स्लॅब आणि कोब्याच्या मधल्या पोकळीत उताराने सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरतं. बहुतेक वेळा ती वाट म्हणजे विजेचा पाईप. म्हणूनच डाग पंख्याच्या कड्याभोवती जास्त दिसतात. अशा ठिकाणी आधी त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली करा, बाकीचं नंतर.

शोध कसा लागला ते सांगतो, कारण ही पद्धत फुकट आहे. गच्चीचे पाणी जाण्याचे तोंड बोळ्याने बंद करून सगळीकडे पाणी साठवलं तर गळतं एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही. म्हणून मी लिंबाच्या झाडाला करतो तशी मातीची आळी केली. गच्चीचे चार भाग पाडले आणि रोज एकाच भागात दोन बोटं पाणी भरलं. पहिल्या दोन दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छत ओलावलं. तो भाग डागापासून सहा फूट लांब, आणि त्याच्या मधोमध जुन्या डिश अँटेनाचे चार बोल्ट. अँटेना कधीच काढली होती. बोल्ट गंजून कोब्यातच राहिले होते आणि त्यांच्या भोवतीच्या फटीतून दर पावसाळ्यात पाणी उतरत होतं.

खान्देशात संशयित ठिकाणं बहुधा हीच सापडतील: डिश आणि सोलर वॉटर हीटरचे बोल्ट, लग्नाच्या मांडवासाठी ठोकलेल्या खुंट्यांची भोकं, कठडा आणि गच्ची मिळते तिथला तडकलेला वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई), पावसाळी पाईपच्या तोंडात कुजलेला निंबाचा पाला. नळ रात्री-अपरात्री येतो, मोटर चालू ठेवून माणूस झोपतो आणि टाकी वाहते. हे कारण तर इतकं साधं की कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि कूलर. मार्च ते जून खिडकीत बसलेला कूलर सज्जावर सारखा ठिबकत असतो. बोअरचं पाणी जड असलं की खिडकीखाली पांढऱ्या क्षारांची किनार असलेला डाग पडतो. लोक त्याला पावसाची ओल समजतात, पण तो डाग मे महिन्यात वाढतो, जुलैत नाही. रेघेशेजारी तारीख टाकायची ती याच्यासाठी.

भोक बुजवताना नुसतं सिमेंट भरू नका. ते वाळताना आकसतं आणि कडेला केसाएवढी फट राहते. पाण्याला तेवढी पुरते. बोल्ट काढून भोक थोडं मोठं केलं, ब्रशने धूळ साफ केली, कडा ओल्या केल्या आणि लॅटेक्स (रबरासारखा चिकट द्रव) मिसळलेला सिमेंटचा माल दाबून भरला. वर त्याच जातीच्या लेपाचे दोन हात.

मे महिन्याबद्दल एक तक्रार नोंदवतो. आपल्याकडे गच्चीची कामं पावसाळ्याच्या तोंडावर, पारा ४४-४५ अंशांवर असताना काढतात. त्या उन्हात सिमेंटच्या कामावर सकाळी मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. पाणी न मिळालेला कोबा जूनच्या आधीच बारीक बारीक तडकतो आणि पहिल्याच पावसात आपण मिस्तरीला शिव्या देतो. गोणपाट अंथरून दिवसातून चार वेळा भिजवायचं, निदान सात दिवस. ते जमणार नसेल तर काम फेब्रुवारीतच काढा.

हे डाग रंगाचं काम नाहीत

छतावर तांबूस, सरळ रेषेत जाणारे डाग असतील तर ते सळईच्या गंजाचे असतात. लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा गिलाव्याला सळईच्या रेषेत चीर दिसली तर लोखंड गंजून फुगतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटचे टवके खाली पडतात. तिथे रंग देणं म्हणजे खपलीवर पावडर लावणं. आधी इंजिनियरला बोलवा आणि तोवर त्याच्याखाली पलंग ठेवू नका.

भिंतीच्या पायथ्यापासून वर चढत गेलेली, साधारण कमरेपर्यंतची पट्टी ही जमिनीतून येणारी ओल. जुन्या घरांच्या दगडी जोत्यावर ती हमखास दिसते. लोक तिथे ऑइल पेंट देतात किंवा टाइल्स लावतात. मग पाणी बाहेर निघू शकत नाही आणि टाइल्सच्या वर हातभर नवी पट्टी उगवते. हा वेगळा विषय आहे, इथे सोडून देतो.

मेलेला डाग पुन्हा का उगवतो

पाणी स्लॅबमधून येताना रिकाम्या हाताने येत नाही. कोब्यावरची धूळ, कुजलेल्या पाल्याचा रंग, गंज, विटांचे क्षार, जुन्या डिस्टेंपरमधला डिंक, सगळं विरघळवून आणतं. छतावर आलं की पाणी उडून जातं आणि आणलेला माल तिथेच राहतो. ओल्या भागाच्या कडेला पाणी सर्वात लवकर उडतं, आतलं पाणी तिकडे ओढलं जातं, म्हणून कडेला सर्वात जास्त मळ साठतो. डागाची गडद किनार अशी तयार होते.

आता याच्यावर प्लास्टिक पेंट दिला. प्लास्टिक पेंट म्हणजे पाण्यातला रंग. त्याच्यातल्या पाण्याने वाळलेला मळ पुन्हा विरघळतो, आणि रंग वाळताना ते पाणी पृष्ठभागाकडे येतं तेव्हा मळही सोबत वर आणतं. एक हात दिला, डाग आला. दुसरा दिला, पुन्हा थोडा आला. पेंटर म्हणतो, "भाऊ, अजून एक हात मारू का?" तिसऱ्या हाताने कधी कधी झाकतो, पण पाच हातांनीही न झाकलेले डाग पाहिलेत. पाण्याचा प्रायमर दिला तरी हेच होतं, कारण त्याच्यातही पाणीच असतं.

म्हणून डाग आणि रंग यांच्या मधे असं काहीतरी हवं ज्यात पाणी नाही.

मधला थर

गावातल्या दुकानात सहज मिळणारी गोष्ट म्हणजे ऑइल प्रायमर, टर्पेंटाइनने पातळ करायचा, भिंतीसाठीचा. दुकानदार बहुतेक वेळा न विचारता पाण्याचा देतो. डब्यावर "सॉल्व्हंट" किंवा "ऑइल" वाचून घ्या. डागाच्या बाहेर चारही बाजूंनी वीतभर पुढे न्यायचा. एक पातळ हात, रात्रभर वाळू द्यायचा, मग पाहायचं. त्यातूनही पिवळं डोकावलं तर दुसरा हात. घाईत जाड हात दिला तर वरून वाळतो, आतून नाही.

दुसरा उपाय मला सुताराने सांगितला आणि मला तोच जास्त आवडला: चपडी लाख. दरवाजांच्या पॉलिशला वापरतात तीच. लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजत ठेवायची, मधेमधे हलवायची आणि सकाळी कपड्यातून गाळून घ्यायची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही. त्यामुळे खालचा पाण्यातला मळ तिच्यातून वर येऊ शकत नाही. अर्ध्या-पाऊण तासात वाळते, दोन हात तासाभरात होतात. धुराचा वासही ती दाबते. आमच्या मागच्या पडवीत थंडीत पऱ्हाटीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजायचो. तिथल्या छताचा काळपट-पिवळा धूर दोन वर्षं रंगाला दाद देत नव्हता, तो चपडीच्या दोन हातांखाली गेला. स्पिरिट मात्र पेट घेतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, बिडी-काडी खोलीबाहेर.

दोन्हींना एक पथ्य आहे. नवा गिलावा आणि चुन्याचं पोतेरं दोन्ही अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असतात. चुन्यावर तेलाचा थर साबणासारखा होऊन चिकट राहतो किंवा पोपडे धरतो. लाखही अल्काने विरघळते. जुन्या घरात चुन्याचे थर असतील तर ते खरवडून घट्ट गिलाव्यापर्यंत जा. नवा गिलावा असेल तर निदान महिनाभर थांबा.

चंदेरी ॲल्युमिनियम पेंटचा उपाय बरेच जण सुचवतात. डाग झाकतो, हे खरं. पण त्याच्या गुळगुळीत पाठीवर प्लास्टिक पेंट नीट धरत नाही आणि पुढे एकाच पापुद्र्यात निघतो. मी सांगणार नाही.

कामाचा क्रम, आणि माझ्याकडून जिथे चुकलं

गळती बंद झाली म्हणजे स्लॅब वाळला असं नाही. आतलं पाणी बाहेर यायला आठवडे लागतात. पाऊस सप्टेंबरअखेर थांबतो, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि सगळा खान्देश त्याआधीच्या काही आठवड्यांत रंगाचं काम काढतो. स्लॅब तेव्हाच सगळ्यात ओला असतो. दिवाळीला बाकी घर रंगवा, पण डागाची खोली डिसेंबर-जानेवारीवर ढकला. तेव्हाची कोरडी थंड हवा फुकटात वाळवून देते. पाहुण्यांच्या नजरेला डाग दिसेल, दिसू द्या. प्लास्टिकची चाचणी कोरडी आली की मगच सुरुवात.

सैल पोपडे पत्र्याने काढा. फुगलेला रंग नुसता दाबून बसवू नका. त्याच्यामागे पोकळी असते. पांढरी भुकटी, म्हणजे क्षार, दिसली तर ती कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली पडलेली भरून बाहेर टाका. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून परत गिलाव्यात शिरतात आणि महिन्याभरात पुन्हा दिसतात. मी धुतली होती.

काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी. कपडे धुण्याचं ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुसून घ्या आणि नीट वाळू द्या. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, एकाच बादलीत तर नाहीच. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

घर जुनं असेल आणि भिंतीवर ऑइल पेंटचे थर असतील तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत काय होतं त्याची खात्री देता येत नाही. पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका.

खड्डे सिमेंटच्या पुट्टीने भरा. पीओपी किंवा नुसती खडूची लांबी (खडूची पुट्टी) ओल लागलेल्या जागेला वापरू नका. पुन्हा जरा पाणी आलं की ती मऊ पडते. पुट्टी वाळली की १८० नंबरचा पेपर, धूळ झटकायची, आणि मग डागावरचा थर. क्रम उलटा झाला तर चालत नाही. सिमेंटची पुट्टी तेलकट थरावर धरत नाही आणि पुट्टीतल्या पाण्याने डाग तिच्यातही चढतो. पुट्टीला थोडं पिवळं दिसलं तर घाबरू नका. झाकणारा थर तिच्या वरून जायचाय. जानेवारीत माझ्या पेंटरने नेमका तोच वगळला होता. त्याची चूक नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. मी फक्त "डाग जायला पाहिजे" म्हणालो होतो.

थर पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवा, म्हणजे रंगाला पकड मिळते. मग फक्त डागापुरता एक हात द्या आणि दोन दिवस थांबा. पिवळं आलं नाही, तर पूर्ण छत रंगवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डागापुरतंच रंगवून सोडलं तर तिरप्या उजेडात ठिगळ दिसतं, भले डबा तोच असो. खालच्या थरामुळे तिथे रंग वेगळा शोषला जातो. माझ्याकडे उरलेला जुना रंग होता म्हणून मी तीन फुटांचं ठिगळ केलं होतं. डाग गेला, पण प्रत्येक पाहुण्याने वर पाहून विचारलं, "इथे काय झालं होतं?" शेवटी सगळं छत रंगवलं.

थर दिल्यावरही डाग आला तर? आधी रेघ पाहा. रेघेच्या आत असेल तर थर पातळ पडला किंवा वीतभर पुढे गेला नाही, दुसरा हात द्या. रेघेच्या बाहेर असेल तर पाणी परत आलंय, ब्रश बाजूला ठेवा आणि गच्चीवर चला. फुगा आला असेल तर सुईने टोचा. पाणी निघालं तर तुम्ही वाळण्याआधी थर दिलात.

पंख्याजवळचं छत आता दोन पावसाळे पांढरं आहे. मुलांच्या खोलीत, कूलरच्या खिडकीखाली मात्र ७ एप्रिलची रेघ आहे आणि काल पाहिलं तर पांढरी किनार तिच्या दोन बोटं बाहेर गेलीय. तिथे अजून पत्राही लावलेला नाही. आधी कूलरच्या टाकीचा फ्लोट बदलायचाय. तो अडकतो आणि पाणी सज्जावर उतू जातं.